सातव्या वहीतला मंगळवार

नऊ वर्षांपूर्वी आमच्या संस्थेत इलेक्ट्रॉनिक नोंदवही आणायचं ठरलं, तेव्हा आधी संशोधकांचं मत घ्यावं अशी टूम निघाली. ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी कावेरी बिराजदार. सोलापूरबाहेरच्या या क्षयरोग संशोधन संस्थेत तेव्हा नुकतीच विभागप्रमुख झाले होते, आणि नव्या विभागप्रमुखाला कशालाच नाही म्हणता येत नाही.

चौसष्ट जणांना छापील प्रश्नावली वाटली. तुम्हाला अशा वहीकडून काय हवं? कशाची भीती वाटते? आलेली उत्तरं वाचून मी पोट धरून हसले होते. एकाला हातमोजे न काढता नोंद करता यायला हवी होती. एकीला स्वतःचंच तीन वर्षांपूर्वीचं अक्षर लागत नव्हतं, म्हणून शोधायची सोय हवी होती. निम्म्या जणांना भीती, की साहेब बसल्या जागी आपली वही चाळतील. साहेबांना भीती, की त्यांची कुणीतरी चाळेल. आणि सगळ्यांनी एक गोष्ट मात्र एकमुखाने लिहिली होती: आम्हाला टाइप करायला लावू नका.

येमूल सरांचं उत्तर एका ओळीचं होतं. 'जागा कोरी सोडण्याची सोय हवी.'

डॉ. अंबादास येमूल माझे गुरू. पीएचडी त्यांच्या हाताखाली केली. निवृत्त झाल्यावरही ते मानद म्हणून रोज संस्थेत यायचे. विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट शिकवत. "आकडा माहीत नसेल तर जागा कोरी सोडायची. आडवी रेघ मारायची, सही करायची, तारीख घालायची. लाजायचं नाही." प्रश्नावलीच्या तक्त्यात सहा पर्याय होते आणि सरांचं उत्तर त्यातल्या कशातच बसेना. मी त्याच्यापुढे 'लागू नाही' अशी खूण केली आणि अहवाल दिल्लीला पाठवून मोकळी झाले.

मग वही आली. तिला वही म्हणायचं ते सवयीने. छतातले कॅमेरे, तराजू, पिपेट, इन्क्युबेटर, फ्रिजची दारं, सगळं एकमेकांना जोडलेलं. तुम्ही नुसतं काम करायचं, लिहायचं काम तिचं. बाटलीचं वजन आधी किती होतं आणि नंतर किती झालं, यावरून तुम्ही किती द्रव ओतला हे ती काढते. एखादी गोष्ट तिच्या नजरेतून निसटली, तर तशाच हजारो प्रयोगांच्या नोंदी तिच्यापाशी असतात. त्यांवरून मधलं काय असायला हवं याचा हिशेब करून ती आकडा सुचवते. याला 'पूरक नोंद' म्हणतात. तुम्ही 'मान्य' म्हटलं की झालं. एकच अट: चौकट रिकामी राहता कामा नये. राहिली तर ती लाल होऊन लुकलुकत राहते आणि त्या दिवसाची नोंद बंदच होत नाही.

आम्ही खूश होतो. कुणालाच टाइप करावं लागत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर तिला जुन्या कागदी वह्या वाचायला दिल्या. त्यामागे कारण होतं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी क्षयाच्या औषधाची एक सौम्य मात्रा मान्यतेच्या उंबरठ्यावर होती. सध्या ही मुलं सहा महिने कडूजहर औषधं घेतात, ओकतात, काहींना त्या औषधांनीच कमी ऐकू येऊ लागतं. नवी मात्रा अर्धी आणि दोनच महिन्यांची. तिला सगळे 'येमूल मात्रा' म्हणतात. तिचा पाया म्हणजे एकवीस वर्षांपूर्वीचा सरांचा प्रयोग, आणि तो प्रयोग होता सात नंबरच्या वहीत.

त्या वहीतलं अक्षर माझं आहे.

याला कारण ती काच. क्षयाचे जिवंत जंतू हाताळायची खोली बंदिस्त असते. आत गेलेला कागद बाहेर येत नाही. आतलं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये जातं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, आणि मगच कचऱ्यात. मग आतले आकडे बाहेर कसे यायचे? सर आत, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. प्लेटवर जंतूंच्या किती वसाहती उगवल्या ते मोजायचे, चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी काचेला लावून धरायचे. बाहेरच्या बोळात मी उभी. वाचायचं, लिहून घ्यायचं, लिहिलेलं पान काचेला लावून त्यांना दाखवायचं. त्यांनी अंगठा वर केला की पुढची चिठ्ठी. मोबाइलला त्या बोळात मनाई होती आणि पंख्यांच्या घरघरीत बोललेलं काही कळत नसे. मी एका रफ वहीत उतरवून घ्यायची आणि शनिवारी बसून आठवड्याचं सगळं पक्क्या वहीत सुवाच्य लिहायची. सर खाली सही करायचे.

बाहेर कुणी नसलं तर सर चिठ्ठी आतून काचेला चिकटवून ठेवायचे. पाच वाजेपर्यंत ती उतरवून घ्यायची. पाच वाजता काचेवरची चिठ्ठी आणि मोजलेल्या प्लेटा, दोन्ही ऑटोक्लेव्हमध्ये.

पाचव्या आठवड्याचे आकडे आले त्या मंगळवारी मी बोळात नव्हते. अक्कलकोटला मावशीकडे मला बघायला पाहुणे येणार होते. सरांना सांगायची लाज वाटली. दोन वाजता निघाले, चार वाजेपर्यंत परत येईन असा अंदाज होता. पाहुणे उशिरा आले, चहा-पोहे झाले, आणि मी बोळात पोहोचले तेव्हा साडेसहा वाजले होते. काच स्वच्छ पुसलेली होती. (ते लग्नही जमलं नाही, तो भाग वेगळा.)

बुधवारी सांगू म्हटलं. बुधवारी सर गडबडीत होते. गुरुवारी धीर झाला नाही. शनिवारी वही उघडली आणि चोवीस प्लेटांच्या चोवीस चौकटी रिकाम्या बघून माझी पाचावर धारण बसली. चौथ्या आठवड्याचे आकडे समोर होते. एवीतेवी जंतू कमीच होत चाललेत, असं स्वतःला समजावलं, उतार लक्षात घेतला आणि चोवीस आकडे लिहून टाकले. पंधरा मिनिटं लागली. सरांनी सही केली. ते आठवड्याला शंभर-दीडशे प्लेटा मोजत, त्यांच्या कशाला लक्षात राहतं?

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तन्वीर मुजावर माझ्या खोलीत आला. संस्थेची इलेक्ट्रॉनिक नोंदवही सांभाळणारा हा अधिकारी, स्वभावाने फार सरळ. दार लावून घेतलं तेव्हाच मी समजले.

"मॅडम, सात नंबर वही अडकली."

"अडकली म्हणजे?"

त्याने पडद्यावर पान लावलं. तिरप्या प्रकाशात कागद टेकड्याटेकड्यांचा दिसत होता. "पेनाचा दाब खालच्या पानावर उमटतो. वही तो वाचते. ताज्या हाताचा दाब वेगळा, तासभर लिहून दमलेल्या हाताचा वेगळा. सोमवार ते शुक्रवारच्या नोंदी एकाच बैठकीत लिहिल्यात, असं ती म्हणतेय. प्रत्येक आठवड्याला."

"शनिवारी लिहायचो. सगळेच लिहायचे."

"ते मी तिला समजावलं असतं. पण हे बघा." त्याने पाचवा आठवडा मोठा केला. "माणूस मनाने आकडे लिहायला बसला की शेवटी शून्य आणि पाच टाळतो. ते आकडे त्याला बनावट वाटतात ना. लागोपाठ दोन सारखे आकडेही लिहीत नाही. खऱ्या मोजणीत हे सगळं सर्रास येतं. या चोवीस आकड्यांत एकही शून्य नाही, एकही पाच नाही. बाकी सगळी वही खरी मोजणी आहे. हे एक पान नाही."

मी पडद्यावरचे ते चोवीस आकडे पुन्हा वाचले.

"अक्षर तुमचं आहे," तो हळूच म्हणाला, "पण सही सरांची. नियमाने जबाबदारी सही करणाऱ्याची. गुरुवारी समिती बसतेय. मी सरांना पत्र पाठवलंय."

"आणि आकडे लिहिणाऱ्यानेच चूक कबूल केली तर?"

त्याला कळलं असणार. "तर सगळी वही बाद न होता ते एकच पान बाद होईल, सरांवरचा ठपका जाईल. पण मॅडम, वही मग त्या माणसाच्या प्रत्येक सहीवरचा विश्वास कमी करते. आपोआप. त्याने साक्ष दिलेले प्रयोग, त्याच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध. मला ते थांबवता येत नाही."

माझ्या चार विद्यार्थ्यांच्या प्रत्येक पानावर साक्षीदार म्हणून माझी सही होती. त्यांतल्या निकिता खरातचा पीएचडीचा व्हायवा पुढच्या महिन्यात होता. पाच वर्षं त्या पोरीने डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं.

मंगळवारी दुपारी सरांच्या घरी गेले. पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचं दोन खोल्यांचं घर. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. वय शहात्तर. टेबलावर तन्वीरचं पत्र होतं आणि शेजारी कागदांचा ढीग. प्रत्येक कागदावर आकडे.

"ये की. बस. काय म्हणायली संस्था?"

"हे काय करायलाय सर?"

"बघायलोय." त्यांनी चष्मा सारखा केला. "मनाने आकडे लिहिले तर माझ्या हातून शून्य येतं का, पाच येतात का, ते. येत नाहीत गं. त्यांचं बरोबर आहे. मीच लिहिले असतील."

"सर, तुम्ही कसं असं..."

"मग कोण? चिठ्ठ्या मी लिहायचो. तू फक्त उतरवून घ्यायचीस. त्या दिवसांत तुझ्या काकूचं दुखणं चालू होतं, झोप नव्हती. एखाद्या दिवशी मोजायचा कंटाळा केला असंल आणि आत बसून ठोकून दिलं असंल. मला आठवत नाही, कावेरी. आयुष्यभर पोरांना सांगितलं, कोरं सोडा. आणि स्वतः..." ते हसायचा प्रयत्न करत होते. "माणसाचा स्वतःचा भरवसा किती धरायचा, कळत नाही बघ."

मी तिथेच बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर होते. निकिताचा चेहरा डोळ्यांपुढे आला, हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. माझी खुर्ची, माझं दारावरचं नाव, हेही डोळ्यांपुढे आलं. सरांनी चहा केला. त्यात साखर घालायला विसरले. मी तो तसाच प्यायले, बरंय सर म्हटलं, आणि जिना उतरले. इतकी लाज मला त्या अक्कलकोटच्या संध्याकाळीही वाटली नव्हती.

गुरुवारी समितीच्या तासभर आधी सर संस्थेत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात लिफाफा. समितीसमोर जायच्या आधी जुनी खोली बघायची आहे म्हणाले. मी त्यांना बोळात नेलं. काच तीच आहे. आत आता माणूस जात नाही. यंत्राचे हात प्लेटा उचलतात, मोजतात, ठेवतात, आणि काचेला कुणी काही लावत नाही.

"काय आहे लिफाफ्यात?"

"कबुली. पाचव्या आठवड्याचे आकडे मी मनाने लिहिले, असं लिहिलंय. औषध तरी अडकू नये. माझं काय, चार दिवस राहिलेत."

सर काचेसमोर उभे होते, जिथे मी उभी राहायची त्या जागी. त्यांचं बाहेरून आत बघणं मला सहन झालं नाही.

"सर, ते आकडे मी लिहिले. त्या मंगळवारी मी इथे नव्हते. अक्कलकोटला गेले होते. परत आले तेव्हा चिठ्ठी गेली होती. शनिवारी मी मनाने लिहिले. तुम्ही काही केलं नाही."

सगळं एका दमात सांगितलं. ते रागावतील, निदान पाठ फिरवून जातील, असं वाटलं होतं. एकवीस वर्षं मी त्या रागाला भीत आले होते.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे मी मोजलं होतं," ते म्हणाले.

"हो सर. मोजलं होतं."

"मोजलं होतं." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर इतकं समाधान दिसलं की मला रडू आलं. आणि मग ते मावळलं. "मग आकडे काय होते गं?"

"काय सर?"

"त्या चिठ्ठीवर. काय आकडे होते?"

"मी चिठ्ठी पाहिलीच नाही सर."

"पाचव्या आठवड्यात जंतू खाली आले असतील तर मात्रा बरोबर आहे. पण मध्येच वर गेले असतील, तर पोरांना ती द्यायची नाही. पुढे जंतू औषधाला दाद देणार नाहीत. सहाव्यापासून पुढचे आकडे चांगले आहेत, पण मधे काय झालं ते कळायला पाहिजे. तिथंच कळतं." ते काचेकडे बघत होते. "कुणालाच माहीत नाही मग."

"नाही सर."

माझ्या गुन्ह्याबद्दल ते एवढंच बोलले. त्यांना माझा राग आला नाही. त्यांना आकडे हवे होते, आणि माझ्याकडे ते नव्हते.

आम्ही तन्वीरच्या खोलीत गेलो. मूळ सात नंबरची वही टेबलावरच होती. मी कबुली दिली. त्याने मान खाली घालून ती नोंदवली आणि दुरुस्तीचं पान उघडलं. चोवीस चौकटी रिकाम्या झाल्या आणि लाल लुकलुकू लागल्या.

"काहीतरी भरावं लागेल मॅडम. त्याशिवाय दुरुस्ती बंद होत नाही, आणि दुरुस्ती बंद झाली नाही तर समितीपुढे सगळी वहीच अपूर्ण म्हणून जाते."

"माहीत नाही, असं लिही."

"तो पर्याय नाही." त्याने एक बटण दाबलं. "पूरक नोंद घेता येते. ती नियमात बसते."

क्षणभरात चौकटी भरल्या. वहीने आजूबाजूचे आठवडे पाहिले होते, उतार लक्षात घेतला होता आणि चोवीस आकडे सुचवले होते. मी ते माझ्या जुन्या पानाशेजारी धरून पाहिले. चोवीसपैकी अकरा आकडे माझेच होते. बाकीचे एकदोनने इकडे-तिकडे. खाली हिरव्या अक्षरांत 'मान्य' होतं.

"हे केलं की संपलं," तन्वीर म्हणाला. "वही पूर्ण. मात्रा पुढे जाईल. सरांचं नाव राहील. तुमचं प्रकरणही मी शक्य तितकं..."

मी सरांकडे पाहिलं. माझ्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी नेहमीच्या आवाजात, पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं, "कोरं सोड."

पडद्यावर कोरं सोडायला जागा नव्हती. ती मागणारा कागद मीच नऊ वर्षांपूर्वी 'लागू नाही' म्हणून बाजूला टाकला होता. मी टेबलावरची जुनी वही उघडली, पेन घेतलं आणि पाचव्या आठवड्याच्या आकड्यांवरून एक आडवी रेघ मारली. खाली सही केली, तारीख घातली. सरांनी पेन मागून घेतलं आणि साक्षीदाराच्या जागी सही केली. या वेळी त्यांनी खरोखर डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

छतातल्या कॅमेऱ्यानेही पाहिलं. पडद्यावर ओळ उमटली: मूळ नोंदीत फेरफार आढळला. तन्वीरने दोन्ही हात तोंडावर धरले.

समिती दहा मिनिटांत उठली. सात नंबरची वही बाद झाली, पूर्ण. येमूल मात्रेची मान्यता थांबली. प्रयोग नव्याने करायचा तर सहा वर्षं, आणि करायला कुणी पुढे आलेलं नाही. अविश्वसनीय संशोधकांच्या यादीत आम्हा दोघांची नावं एकाखाली एक आहेत. निकिताचा व्हायवा रद्द झाला. तिने मला एकदाच फोन केला, काही बोलली नाही, आणि ठेवून दिला. मुलं अजून तीच कडू औषधं सहा महिने घेतात. ती मात्रा त्यांना तारणारी होती की मारणारी, हे मी सांगू शकत नाही. मला विचारणारे लोक माझ्यावर चिडतात, पण मी खरंच सांगू शकत नाही.

संस्थेच्या दारात माझं कार्ड चालेनासं झालं, त्याला आठ महिने झाले. मी जुळे सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगवह्या तपासताना एखाद्या मुलीने चौकट कोरी सोडलेली दिसली की पूर्ण गुण देते. मुख्याध्यापिका त्यावरून दोनदा बोलल्या आहेत.

सर दर मंगळवारी पाचच्या आत फोन करतात.

"कावेरी, आठवायलंय. पहिल्या ओळीत एकोणीस होता. दुसरा तीस. लिहून घे."

मी एक साधी दोनशेपानी वही आणली आहे. तारीख घालते आणि आकडे लिहून घेते. लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवते. ते हो म्हणतात. पुढच्या मंगळवारी पहिल्या ओळीत एकोणीस नसतो. कधी बारा असतो, कधी चाळीस. त्यांना आधीचं आठवत नाही, आणि मी आठवण करून देत नाही. आठ महिन्यांत त्या वहीची बरीच पानं भरली. कधी ते आकडे उतरते असतात, कधी चढते.

काल म्हणाले, "तिसऱ्या प्लेटवर पंचेचाळीस होत्या बघ. आता नक्की आठवलं. मी काचेला लावली होती चिठ्ठी, बराच वेळ धरून उभा होतो. तू दिसली नाहीस."

"हो सर," मी म्हटलं, आणि लिहून घेतलं.